डोमाजीचं आमेन

देवळीच्या बसस्टँडमागे डोमाजीची आटाचक्की होती आणि डोमाजीला हळू बोलता येत नसे. अजिबात नाही. उभी हयात चक्कीच्या घरघराटावर आवाज चढवून बोलण्यात गेलेली. घरी जेवताना "भाजीत मीठ कमी हाये" म्हणाला, तरी शेजारची बाई आपली भाजी चाखून बघायची. रविवारी चर्चच्या उपासनेत तो डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना करायला बसला, की अख्ख्या मंडळीला कळायचं की प्रमिलाबाईचा गुडघा अजून बरा झालेला नाही. प्रमिलाबाई म्हणजे त्याची बायको. ती बिचारी पदरानं तोंड झाकून कोपर मारायची, "हळू ना जी!" आणि डोमाजी विचारायचा, "काय म्हनतं?" तेही मोठ्यानेच.

माणूस मात्र लाखातला. ज्वारीचं दळण झाल्यावर गहू ओतायच्या आधी चक्की झाडून घेणारा, म्हातारीचा डबा स्वतः उचलून रिक्षात ठेवणारा. त्याच्यात खोट एकच होती. समोरच्याला वाईट वाटेल असं काही बोलायची वेळ आली, की याचं तोंड शिवल्यागत बंद. कुणाकडे खीर करपली तर हा दुसरी वाटी मागून घेणार आणि "मस्त झाली" म्हणणार! एवढा मोठा आवाज देवानं दिला आणि काळीज दिलं सशाचं. काय करता?

त्याचा एकुलता एक जिवलग म्हणजे प्रेमदास. धंद्यानं रंगारी, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मंडळीत ढोलकी वाजवायचा. रोज सकाळी चक्कीत येऊन कोपऱ्यातल्या उलट्या पिंपावर बसायचा, चहा प्यायचा, गावभरच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायचा आणि मगच डबे-ब्रश घेऊन कामावर जायचा. प्रेमदास दोन दिवस बाहेरगावी गेला, की डोमाजीचं पीठ जाडं पडतं, असं दळणवाल्या बायका म्हणायच्या. थट्टेनं म्हणायच्या, पण ते खरं होतं.

आता सापाची गोष्ट. ती नीट ऐका, कारण पुढं तिची पार वाट लागणार आहे.

शहाण्णव साल असेल. चक्कीत पोत्यांच्या थप्पीमागे एक धामण राहायची. उंदीर खायची, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. डोमाजीला ती ठाऊक होती, त्यानं तिला कधी हाकललं नाही. एका दुपारी चक्कीत हे दोघेच होते. प्रेमदासचा ब्रश पोत्यांमागे पडला, म्हणून त्यानं हात घातला. धामण दचकली आणि चावली. प्रेमदासनं हाताकडे पाहिलं, सरपटणारी शेपटी पाहिली आणि तो धाडकन आडवा झाला. डोमाजीची तारांबळ उडाली. त्यानं पायातली चप्पल काढून प्रेमदासच्या नाकाला लावली आणि "येशू बाप्पा, वाचव रे याले!" म्हणून असा टाहो फोडला, की स्टँडवर वर्ध्याची बस सुटायची थांबली. प्रेमदासला शिंक आली. तो उठून बसला.

"अबे, धामन होती," डोमाजी म्हणाला. "तिले इषच नसते. तू भेवानं पडला."

"खरंच?" प्रेमदासनं विचारलं, आणि दोघं हसून हसून लोळले.

त्या रविवारी प्रेमदासनं मंडळीत साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्यांना सांगायचं. तो म्हणाला, "साप चावला, मी पडलो, डोमाजीनं येशूचं नाव घेतलं, मी उठलो." यात खोटं काय होतं? काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि डोमाजीनं मनापासून "आमेन!" ठोकलं.

बस, इथंच थांबायला हवं होतं. पण पुढच्या नाताळच्या मेळाव्यात सेलूचे पाहुणे आले आणि धामणीचा नाग झाला. डोमाजी चपापला. प्रेमदासनं त्याच्याकडे पाहिलं, पाहुण्यांनीही पाहिलं, कारण प्रत्यक्ष बघणारा तोच. आता भर मेळाव्यात दोस्ताचं नाक कसं कापायचं? डोमाजी म्हणाला, "आमेन." आणि त्याचं आमेन म्हणजे काय साधं होतं? मांडवाचे बांबू हलायचे.

मग दरसाल नाग वाढत गेला. काळा झाला, फणा काढू लागला. प्रेमदासचे ओठ निळे पडले. पुढं तर शवपेटी करायला सुताराकडे माणूसही धावला! "अन् बंधूंनो," प्रेमदास ढोलकीवर थाप मारून सांगायचा, "तेवढ्यात स्वर्गातून एक सुगंध आला! असा सुगंध म्या जन्मात घेतला नव्हता!" हे वाक्य आलं, की डोमाजीची नजर आपसूक मांडवाबाहेर काढलेल्या चपलांकडे वळायची. शेवटी प्रेमदास छाती पुढं काढून म्हणायचा, "अन् दवाखान्याची पायरीबी चढलो नाई मी!" तेवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

लोक विचारायचे, "काय डोमाजीभाऊ?" आणि डोमाजी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणायचा, "आमेन."

दोन हजार पाच साली मंडळीत राकेश नावाचे तरुण पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. त्यांनी नवीनच टूम काढली. विश्वासी लोकांनी नुसतं रविवारी गाणी म्हणून भागत नाही, म्हणाले. प्रत्येकाला एक जोडीदार हवा. शनिवारी दोघांनी एकांतात बसायचं, या आठवड्यात कसा वागलास ते विचारायचं आणि खरं उत्तर द्यायचं. प्रेमदासनं लगेच डोमाजीचं नाव घेतलं. मंडळी खो खो हसली. डोमाजीच्या कानात गुपित सांगायचं म्हणजे गावात दवंडी पिटायचीच की!

पण तसं काही झालं नाही, कारण गुपित निघालंच नाही. दोघं शनिवारी चक्कीत बसत.

"माह्यात नम्रता कमी हाये," प्रेमदास म्हणे.

"माह्यातबी," डोमाजी म्हणे.

"प्रार्थना करू."

"करू."

मग गरमागरम भजी यायची. याला म्हणे पापाची कबुली! अहो, अशी कबुली तर निवडणुकीतला उमेदवारसुद्धा देईल. नम्रता कमी आहे म्हटल्यानं कधी कुणाची मान खाली गेली आहे का? राकेश पाळकांनी विचारलं, की दोघं छाती फुगवून सांगत, "जोडी एकदम चांगली चालू हाये, पाळकसाहेब."

नाताळ जवळ आला, आणि तानाबाईला साप चावला.

तानाबाई मंडळीतली म्हातारी, काटक, तोंडानं फटकळ. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. पऱ्हाटीत हात घातला आणि सापानं धरलं. ही काही धामण नव्हती. पाय टरारून सुजला. तिची सून भावना बाजूच्याच ओळीत वेचत होती. तिनं शेजाऱ्याची मोटारसायकल बोलावली, तर म्हातारी बसेना!

"मले चक्कीवर न्या," तानाबाई हट्टाला पेटली. "डोमाजी प्रार्थना करते. प्रेमदासले कुठी लागला दवाखाना?"

"आई, प्रार्थना गाडीवर बसल्या-बसल्या करा," भावना म्हणाली. तिनं सासूला उचलून मध्ये बसवलं, मागून घट्ट धरलं आणि गाडी थेट सेवाग्रामच्या दवाखान्यात नेली. म्हातारी वाचली.

डोमाजी आणि प्रमिलाबाई संत्री घेऊन भेटायला गेले. तानाबाई खाटेवर पडून होती. एरवी दहा माणसांना पुरून उरणारी बाई, पण त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बोलली.

"डोमाजी, मी हरली. प्रेमदासले देवानं इंजेक्शनाबिगर उठवलं, मले सलाईन लागली. माहा विश्वासच कमी पडला. देवाले तोंड कसं दाखवू आता?" आणि ती रडायला लागली.

डोमाजीनं संत्री उशाशी ठेवली आणि तो उठला. बाहेर व्हरांड्यात भावनानं त्याला गाठलं.

"भाऊ, चक्कीवर आणलं असतं तं आई गेली असती. डॉक्टर म्हनत होते. तुमी त्या दिवशी होते ना प्रेमदासभाऊजवळ? खरंच नाग होता काय जी थो?"

ज्याच्या आवाजानं बस थांबायची, त्याच्या घशातून शब्द फुटेना. "प्रार्थना करतो बाई," एवढं कसंबसं म्हणून तो जिन्याकडे पळाला. होय, पळालाच.

परतीच्या बसमध्ये त्यानं प्रमिलाबाईला सगळं सांगितलं. म्हणजे बसमधल्या पुढच्या चार सीटांनाही सांगितलं, पण ते लोक पुलगावचे होते, त्यांना काही बोध झाला नाही.

"इतके वर्सं आमेन काऊन म्हनत होते तुमी?"

"दोस्त हाये ना थो माहा."

"मंग आता?"

"आता इचारलं तं थो रुसते. मंग थो चक्कीवर यायचा नाई." एवढं बोलून डोमाजीनं टोपी काढली आणि उगाच झटकली.

"अन् नाई इचारलं तं तानाबाई मरेपर्यंत सोताले दोष देत राह्यते," प्रमिलाबाई म्हणाली. "अन् रविवारी मेळाव्यात थो नाग पुन्हा निघते. अजून कोनी ऐकते, अन् थो घरीच बसते साप चावून."

त्या रात्री डोमाजीला जेवण गेलं नाही. शनिवारी विचारायचंच, असं त्यानं ठरवलं. भावाची चूक भावाला एकट्यात सांगावी, ही येशूची शिकवण त्याला पाठ होती. आता एकांत कुठं? डोमाजीच्या हिशेबानं चालू चक्कीशेजारी बसण्याइतका पक्का एकांत अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नव्हता. तिथं कानाला तोंड लावून बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नाही. डोकं काही वाईट चाललं नव्हतं त्याचं, फक्त एक गोष्ट विसरला.

शनिवारी दारात दळणवाल्या बायकांची रांग होती. प्रेमदास पिंपावर बसला होता. "उद्याच्यासाठी सुताराचा भाग जरा वाढवतो," म्हणाला. डोमाजीनं चक्की पुऱ्या जोरात सोडली, प्रेमदासच्या कानाशी वाकला आणि भीतीनं डोळे गच्च मिटून घेतले. डोळे उघडे ठेवले असते तर धीरच झाला नसता. मग बेंबीच्या देठापासून सुरुवात केली. तानाबाई रडली ते सांगितलं, भावनानं विचारलं ते सांगितलं, आपण कसे पळालो ते सांगितलं.

आणि लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते, देवळीच्या लाइटला काय वेळ-काळ! चक्की घरघरत मंदावली, थांबली. पण डोमाजी भरात आलेला, डोळे मिटलेले, कानात घरघर बसलेली. आवाज काही त्यानं उतरवला नाही.

"धामन होती थे, प्रेमदास!" डोमाजीचा आवाज बसस्टँडपर्यंत गेला. "नाग नव्हता! अन् थो सुगंध माह्या चपलेचा होता बे!"

त्यानं डोळे उघडले. चक्की बंद होती. रांगेतल्या बायका डबे कडेवर घेऊन आ वासून बघत होत्या. मग एकीला हसू आवरलं नाही, आणि ती हसली तशी सगळीच रांग फुटली.

प्रेमदासचा चेहरा पांढरा पडला. तो पिंपावरून उठला, पँटवरचं पीठ झटकलं आणि निघून गेला. "प्रेमदास! अबे प्रेमदास!" डोमाजी दारापर्यंत धावला. प्रेमदासनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावरची पोरं एकमेकांच्या नाकाला चपला लावून बघत होती.

डोमाजी त्याच्या घरी गेला, तर दार उघडलं नाही. तिथून तो राकेश पाळकांकडे गेला.

"मी जोड्या एकांतासाठी लावल्या होत्या, डोमाजीभाऊ," पाळक कपाळाला हात लावून म्हणाले.

"मले काय मालूम लाइट जाईन म्हून!" डोमाजी म्हणाला, आणि एवढा मोठा गडी पाळकांच्या ओसरीवर लहान पोरासारखा रडला. बोलायचं तेव्हा बोललो नाही, आणि बोललो तर दोस्ताची गावभर शोभा केली. दोन्हीकडून गेला बिचारा.

रविवारी मांडव भरला. सेलूचे, वर्ध्याचे पाहुणे आले. तानाबाई पायाला पट्टी बांधून पुढच्या खुर्चीत बसली होती, मान खाली घालून. प्रेमदास येतो की नाही, याची सगळ्यांना उत्सुकता होती. तो आला. ढोलकी मांडीवर घेऊन बसला, गाणी वाजवली, पण डोमाजीकडे एकदाही बघितलं नाही. राकेश पाळकांनी कुणाचंच नाव पुकारलं नाही. "कुणाला साक्ष द्यायची असेल तर द्या," एवढंच म्हणाले.

डोमाजी उठला.

"माही साक्ष हाये," तो म्हणाला. माईक होता, पण पाळकांनी तो हळूच बाजूला घेतला. "म्या खोटं आमेन म्हटलं. एक डाव नाई, दरसाली. खरं काय थे मले मालूम होतं. दोस्त रुसन म्हून त्याले इचारलं नाई. अन् इचारलं, तं असं इचारलं का गावानं ऐकलं. दोन्ही चुका माह्या हायेत. देवानं माफ कराव, अन् दोस्तानंबी कराव. बाकी काय झालं थे सांगाचा हक्क मले नाई." आणि तो खाली बसला.

प्रेमदास ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला होता. मग त्यानं ढोलकी खाली ठेवली आणि उभा राहिला. आयुष्यातली सगळ्यात छोटी साक्ष त्यानं त्या दिवशी दिली.

"धामन होती. मी भेवानं पडलो. डोमाजीनं चप्पल हुंगवली. मी शिंकलो अन् उठलो."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हसा, हसा," प्रेमदास म्हणाला. "डोमाजीची चप्पल तुमी हुंगली असती, तं तुमीबी उठले असते. मेलेला उठते!"

मांडव कोसळायचा बाकी राहिला. पाळकसुद्धा तोंडावर रुमाल धरून वळले. पण प्रेमदास हसत नव्हता. तो चालत तानाबाईच्या खुर्चीपुढं गेला आणि हात जोडून खाली बसला. हसणं आपोआप थांबलं.

"तानाबाई, तू चक्कीवर न्या म्हनत होती. माह्यापायी. तुले काई झालं असतं, तं थे माह्या माथ्यावर होतं. तुहा विश्वास कमी नव्हता वो. माही गोठच खोटी होती." त्यानं तिच्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं. "दरसाली टाळ्या वाजल्या, अन् मले गोड वाटलं. मले माफ कर."

तानाबाईनं डोळे पुसले. मग म्हणाली, "म्हंजे तुले बिनइषारी चावला, अन् तू बेसुद पडला?"

"हाव."

"अन् मले खरा चावला, तरी मी सेवाग्रामपर्यंत गाडीवर बसून गेली?"

"हाव."

"मंग माहा विश्वास जास्त निघाला का नाई बे, भैताडा!"

त्यानंतर जो हशा उसळला तो बराच वेळ थांबेना. तानाबाई स्वतः हसत होती, रडत होती आणि प्रेमदासच्या पाठीत धपाटे घालत होती. भावनानं देवाचे आभार मानले आणि वर मोटारसायकलचेही मानले. मग सवयीनं सगळ्या माना डोमाजीकडे वळल्या. डोमाजीनं घाई केली नाही. चप्पल, शिंक, धामण, सगळं त्यानं एकदा मनात तपासून पाहिलं. सगळं तसंच घडलं होतं.

"आमेन!" तो म्हणाला, आणि मांडवाचे बांबू हलले.

पण जेवणाच्या पंगतीत प्रेमदास दुसऱ्या टोकाला बसला आणि जेवून लगेच निघून गेला. डोमाजीनं त्याच्यासाठी धरून ठेवलेली जागा तशीच राहिली.

सोमवारी सकाळी चक्की चालू झाली. रांग लागली. पिंप रिकामं होतं. डोमाजीनं दोन चहा मागवले आणि दोन्ही निवू दिले. पीठ जाडं पडलं. एका बाईनं चिमटीत घेऊन पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

तेवढ्यात प्रेमदास आला. तो पिंपावर बसला नाही. सरळ भिंतीकडे गेला आणि स्वतःच्या हातानं चक्कीचा खटका खाली ओढला. चक्की मंदावली. "अहो भाऊ, माहा गहू अर्धाच झाला!" रांगेतून ओरडा झाला. प्रेमदासनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि चक्की पुरती थांबेपर्यंत उभा राहिला.

"आता मी इचारतो," तो म्हणाला. "खरं सांगजो. इतके वर्सं तू मले काऊन नाई टोकलं बे?"

रांगेतल्या बायकांनी कान टवकारले. डोमाजीच्या पापण्यांवर पीठ बसलं होतं, त्यात पाणी आलं. त्यानं तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज इतका हळू निघाला, की दारातल्या बाईलाही ऐकू गेलं नाही.

"तू यायचा नाई म्हून."

"काय म्हनला? काय म्हनला वो?" बायका एकमेकींना विचारू लागल्या.

प्रेमदासला ऐकू गेलं होतं. तो पिंपापाशी गेला, त्यावरचं पीठ हातानं पुसलं आणि आपल्या जागी बसला. निवलेल्या चहाचा एक कप त्यानं उचलला, दुसरा डोमाजीकडे सरकवला.

"चालू कर आता," तो म्हणाला. "बायका खोळंबल्या."